पावणेचारशे डिस्क आणि चूक कबूल करणारं सॉफ्टवेअर

सांगलीच्या गावभागात आत्याचं घर आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णेनं ५७ फुटांची पातळी गाठली, तेव्हा तिच्या तळमजल्यात कमरेएवढं पाणी होतं. हॉलमधल्या कपाटाचे खालचे दोन खण बुडाले आणि नेमका तिथंच तिचा डिस्कचा संग्रह होता. आयुष्यभर गाणं शिकवलेल्या बाईचा संग्रह. नाट्यसंगीताच्या आणि शास्त्रीय गायनाच्या शंभरावर ऑडिओ सीडी, मराठी नाटकांच्या आणि सिनेमांच्या दोनशेच्या आसपास व्हीसीडी, चाळीसेक डीव्हीडी. शिवाय बुटाच्या खोक्यात घरी किंवा स्टुडिओत ‘राइट’ केलेल्या डिस्क: शिष्यांच्या गुरुपौर्णिमेच्या कार्यक्रमांची ध्वनिमुद्रणं, लग्नाचं शूटिंग, २००४ पासूनचे फोटो. खोकं वरच्या खणात होतं म्हणून वाचलं.

जुलै २०२१ मध्ये पुन्हा पाणी आलं. या वेळी डिस्क आधीच माडीवर नेल्या होत्या, पण आतेभावानं तेव्हाच मनावर घेतलं. त्यानं मला विचारलं ते शब्दशः असं: “दादा, एखादं चांगलं सॉफ्टवेअर सांग. सगळं एकदाचं हार्डडिस्कवर टाकतो नि सुटतो.”

या वाक्यात अडचण आहे ती ‘एखादं’ आणि ‘चांगलं’ या दोन्ही ठिकाणी.

त्यानं त्याआधी एक प्रयोग करून पाहिला होता. लॅपटॉपवर असलेल्या एका साध्या प्लेअरमधून दहा-पंधरा ऑडिओ सीडी एमपीथ्रीत उतरवल्या होत्या. सॉफ्टवेअरनं प्रत्येक वेळी हिरवी खूण दाखवली, तक्रार शून्य. आत्यानं एक पद ऐकलं आणि म्हणाली, “अरे, हा तार षड्ज मध्येच तुटतोय. सीडीवर असा नाहीये.” तिच्या जुन्या प्लेअरवर तीच सीडी लावली तर खरंच तुटत नव्हता. कारण सीडी प्लेअरला जिथं आकडा वाचता येत नाही तिथं तो आजूबाजूचे आकडे पाहून मधला अंदाजानं भरतो आणि कानाला कळू देत नाही. संगणकाचा ड्राइव्ह भराभर वाचत असताना तेवढी सफाई राखेलच असं नाही. मात्र त्याहून मोठी गोष्ट ही, की त्या सॉफ्टवेअरला चुकलं हे माहीतच नव्हतं, किंवा माहीत असून त्यानं सांगितलं नव्हतं. डिस्क पुढं टाकून द्यायची असो वा नसो, वीस वर्षांनी ती वाचता येईल याची खात्री कोण देणार? तेव्हा आज उतरवलेली प्रत हीच मूळ प्रत ठरणार. त्यात कुठं भोक आहे हे आज कळलं नाही, तर पुन्हा कळायची सोय नाही.

म्हणून निवडीची कसोटी एकच ठरली: जे वाचता आलं नाही ते सॉफ्टवेअर स्वतःहून सांगतं का, आणि नेमकं कुठं ते सांगतं का. दिसायला छान, वेगवान, एका क्लिकचं वगैरे सगळं त्यानंतर.

आधी डिस्क ओळखणं

बाहेरून सगळ्या चकत्या सारख्या. आत मात्र फरक आहे, आणि सॉफ्टवेअरची निवड त्या फरकावरच ठरते.

ऑडिओ सीडीवर सेकंदाला ७५ सेक्टर, म्हणजे माहितीचे ठरावीक मापाचे तुकडे, असतात, प्रत्येक २३५२ बाइटचा, आणि त्यात फक्त आवाज. फायली नसतातच, संगणक ज्या फायली दाखवतो तो देखावा असतो. डेटा सीडीवर सेक्टर तेवढाच, पण माहितीला २०४८ बाइट. उरलेली जागा सेक्टरची ओळख, चूक शोधणं आणि चूक दुरुस्त करणं यांसाठी. म्हणजे दुरुस्तीचा एक जादा थर.

व्हीसीडी, म्हणजे व्हिडिओ सीडी, ही खरी मेख. चित्र आणि आवाज जास्त मावावा म्हणून तिच्या चित्रपटाच्या भागात हा जादा थर काढून टाकलेला असतो आणि एका सेक्टरमध्ये २३२४ बाइट भरलेले असतात. आखणाऱ्यांचा हिशेब बरोबर होता: चित्रातला एखादा बाइट चुकला तर पडद्यावर क्षणभर चौकडी उमटते, प्रेक्षक पुढं पाहत राहतो. पण संगणकात ती डिस्क घालून फाइल कॉपी करायला गेलं, की पहिल्याच न वाचलेल्या सेक्टरवर विंडोज ‘सायक्लिक रिडंडन्सी’ची चूक दाखवून सगळी कॉपी सोडून देतं. आतेभावानं अशा तीस-चाळीस व्हीसीडी ‘गेलेल्या’ म्हणून बाजूला काढल्या होत्या. त्यातल्या बहुतेक डीव्हीडी प्लेअरवर नीट चालत होत्या.

आणखी एक गोष्ट व्हीसीडीबद्दलच. आयएसओ ही डिस्कची प्रतिमा साठवायची सर्वांत ओळखीची पद्धत, पण ती २०४८ बाइटच्या सेक्टरसाठी आहे. व्हीसीडीचा चित्रपट तिच्यात मावत नाही. बिन आणि क्यू अशी जोडफाइल लागते. तरीही व्हीसीडीची आयएसओ बनवून ‘काम फत्ते’ सांगणारी सॉफ्टवेअरं आहेत. आमच्या कसोटीवर ती तिथंच बाद.

महाराष्ट्रातल्या घरांत या प्रकाराला एवढं महत्त्व का, हेही सांगायला हवं. इथं व्हीएचएसनंतर लोक थेट डीव्हीडीकडे गेले नाहीत. मधली बरीच वर्षं व्हीसीडीची होती. मोझर बेअरनं २००७ च्या सुमारास २८ रुपयांना व्हीसीडी आणि ३४ रुपयांना डीव्हीडी विकायला काढल्यावर किराणा दुकानातही नाटकं-सिनेमे मिळू लागले. परदेशी सल्ला वाचायला गेलं तर ऑडिओ सीडी, डीव्हीडी आणि ब्ल्यू-रे यांवर पानंच्या पानं असतात आणि व्हीसीडीला एक ओळ. आपल्या कपाटातलं प्रमाण नेमकं उलटं असतं.

धुणं

सॉफ्टवेअरच्या आधी नळ. पूर ओसरल्यावर घाईत कोणीतरी सगळ्या डिस्क फडक्यानं गोल गोल पुसल्या होत्या, आणि वाळलेल्या गाळाच्या कणांनी ट्रॅकच्या, म्हणजे माहिती ज्या गोल रेघेत लिहिलेली असते तिच्या, दिशेनंच ओरखडे उमटवले होते. सीडीची दुरुस्तीयोजना सलग ४००० बिटांपर्यंतचं नुकसान, म्हणजे ट्रॅकवर सुमारे अडीच मिलिमीटर, पूर्ण भरून काढते. ओरखडा आडवा, मध्यापासून कडेकडे असेल तर तो प्रत्येक फेऱ्यात थोडासाच लागतो आणि निभावतो. ट्रॅकच्या बरोबरीनं गेलेला असेल तर निभावत नाही. तेव्हा साध्या पाण्यात भिजवून गाळ सुटू देणं, मऊ कापडानं मध्यापासून कडेकडे टिपणं, एवढंच केलं. टूथपेस्ट घासायचा सल्ला शेजाऱ्यांकडून आला होता. तो नम्रपणे ऐकून घेतला.

काही सीडी ट्यूबलाइटसमोर धरल्या की टाचणीच्या टोकाएवढे उजेडाचे ठिपके दिसत होते. सीडीचा चकाकता थर छापील बाजूला, लाखेच्या पातळ लेपाखाली असतो. पाणी तिथून शिरलं की त्या थराला खातं. अशा जागी वाचायला काही उरलेलंच नसतं आणि कुठलंही सॉफ्टवेअर तिथं काही करू शकत नाही. डीव्हीडीचा थर दोन चकत्यांच्या मध्ये असतो, त्यामुळे बुडालेल्या डीव्हीडी तुलनेनं धडधाकट निघाल्या.

ऑडिओ सीडी

इथं नावं तीनच समोर ठेवली. विंडोजवरची एक्झॅक्ट ऑडिओ कॉपी, म्हणजे ईएसी. पैसे देऊन घ्यायचं डीबीपॉवरअँप. आणि लिनक्सवरचं व्हिपर. तिन्ही प्रामाणिक आहेत, म्हणून कसोटीचा प्रश्न इथं सुटलेलाच होता. आतेभावाचा लॅपटॉप विंडोजचा, आणि ईएसी घरगुती वापराला फुकट. तेच घेतलं. डीबीपॉवरअँप वापरायला अधिक सोपं आहे, यात वाद नाही. ज्यांना ईएसीच्या सेटिंगची पानं पाहून धडकी भरते त्यांनी पैसे खर्चावेत.

ईएसीचा ‘सिक्युअर’ प्रकार प्रत्येक सेक्टर निदान दोनदा वाचतो. दोन वाचनं जुळली नाहीत तर तो पुन्हा पुन्हा वाचत बसतो; अगदी वाईट सेक्टरवर ८२ वेळांपर्यंत. तरीही जुळलं नाही तर ट्रॅकमधली नेमकी वेळ लिहून ‘संशयास्पद जागा’ म्हणून नोंदवतो. ही नोंद एका साध्या मजकुराच्या फाइलमध्ये उतरवलेल्या गाण्यांशेजारी राहते. आम्हाला हवं होतं ते हेच. आत्याला ज्या षड्जात खोट दिसली होती ती जागा नोंदीत मिनिट-सेकंदासह आली. डिस्क धुऊन, वेग कमी करून, दुसऱ्या ड्राइव्हवर पुन्हा वाचल्यावर ती गेली.

अ‍ॅक्युरेटरिपबद्दल थोडं. जगभरातल्या लोकांनी तीच सीडी उतरवली तेव्हा कोणता बेरीज-अंक, म्हणजे वाचलेल्या सगळ्या आकड्यांवरून काढलेला पडताळ्याचा अंक, आला, याची ही नोंदवही. तुमचा अंक इतरांशी जुळला तर प्रत बिनचूक, इतकी ही खूण भक्कम. पण नाट्यसंगीताच्या पुष्कळ सीडींवर उत्तर आलं, ‘नोंद नाही’. आतेभावाला ती नापास झाल्याची खूण वाटली. तसं नाही, त्या छापाची सीडी याआधी कोणी तिथं नोंदवलेलीच नाही, एवढाच त्याचा अर्थ. अशा सीडींसाठी ईएसीतला ‘टेस्ट आणि कॉपी’ हा पर्याय लावला: एकदा नुसतं वाचून अंक काढायचा, मग वाचून लिहायचं, आणि दोन्ही अंक जुळतात का पाहायचं. एकच ड्राइव्ह तीच चूक दोनदा करू शकतो, म्हणून ज्यांच्याबद्दल शंका होती त्या दुसऱ्या कंपनीच्या ड्राइव्हवरही घातल्या. बाहेरून जोडायचा यूएसबी ड्राइव्ह एक, आणि जुन्या डेस्कटॉपमधला एक.

फाइल फ्लॅकमध्ये. एमपीथ्री आवाजातला काही भाग कायमचा टाकून देते. फ्लॅक टाकत नाही, फक्त घडी घालून ठेवते. एक सीडी साधारण तीन-चारशे एमबीत बसते. शंभर सीडींचे चाळीस जीबी धरले तरी आजच्या हिशेबात ते काहीच नाही, तेव्हा जागा वाचवायला एमपीथ्री हा युक्तिवाद आता उरलेला नाही. गाडीत ऐकायला हवी तर फ्लॅकपासून एमपीथ्री कधीही करता येते, उलट नाही.

सगळ्यात जास्त वेळ गेला तो नावांत. गाण्यांची नावं आपोआप आणून देणारं फ्रीडीबी २०२० मध्ये बंद झालं. म्युझिकब्रेन्झ या तशाच दुसऱ्या सेवेवर मराठी सीडी आहेत, पण तुटक. आणि जिथं आहेत तिथं एकाच गायिकेचं नाव रोमन लिपीत तीन तऱ्हांनी. शेवटी आत्या खुर्चीत बसली आणि सांगत गेली: पद, नाटक, राग, ताल, ऑर्गनवर कोण. सीडीच्या वेष्टनावर यातलं निम्मंही छापलेलं नव्हतं. फ्लॅकच्या टॅगमध्ये, म्हणजे फाइलच्या आतच लिहिलेल्या माहितीत, देवनागरी विनासायास राहते, म्हणून टॅग मराठीत भरले. फायलींची नावं मात्र क्रमांक आणि सोपं रोमन अशी ठेवली, कारण गाडीतल्या स्टिरिओवर आणि जुन्या टीव्हीवर देवनागरीच्या जागी चौकोन येतात.

व्हीसीडी

धडधाकट व्हीसीडींसाठी इमबर्न पुरलं. त्याची शेवटची आवृत्ती २०१३ सालची. तरी चालतं, आणि डिस्कचा प्रकार ओळखून व्हीसीडीला आपणहून बिन-क्यू बनवतं. जुनं सॉफ्टवेअर म्हणून नाक मुरडायचं कारण नाही, व्हीसीडीच्या मानकात तेव्हापासून काही बदललेलं नाही. लिनक्सवर हेच काम सीडीआरडीएओ करतं, पण ते काळ्या खिडकीत आज्ञा टाइप करायचं काम, आणि हे सगळं आतेभावाला माझ्याशिवाय करता यायला हवं होतं.

‘गेलेल्या’ ठरवलेल्यांसाठी आयसोबस्टरचा परवाना घेतला. संपूर्ण प्रकरणात पैसे पडले ते एवढ्या एका सॉफ्टवेअरवर. ते व्हीसीडीचा चित्रपटाचा भाग सेक्टरपातळीवर काढतं. वाचता न आलेल्या सेक्टरवर थांबायचं, पुन्हा प्रयत्न करायचा, की मोकळी जागा भरून पुढं जायचं, हे विचारतं, आणि कुठले सेक्टर राहिले ते सांगतं. तीन तासांच्या नाटकात पाच ठिकाणी क्षणभर चित्र फुटणं आणि नाटकच नसणं, यांतला फरक हाच.

मग ती चित्रफीत आहे तशी ठेवली. आतेभावाला ती ‘एचडी’ करून हवी होती. व्हीसीडीचं चित्र ३५२ गुणिले २८८ ठिपक्यांचं असतं. फुगवून त्यात नवं काही येत नाही, उलट नव्यानं आवळताना आहे ते आणखी धूसर होतं. टीव्ही स्वतः मोठं करून दाखवतोच, तेवढं पुरे.

घरी राइट केलेल्या

बुटाचं खोकं पुरात भिजलं नव्हतं, पण सगळ्यात कठीण काम तेच निघालं. छापील सीडीत खड्डे दाबलेले असतात. राइट केलेल्या सीडीत रंगद्रव्याचा थर जाळलेला असतो, आणि तो वर्षांनुवर्षांत फिका पडतो. ऊन, दमट हवा, वर चिकटवलेला कागदी स्टिकर, सगळं त्याच्या मुळावर. गुरुपौर्णिमेच्या सीडींवर स्टिकर हौसेनं लावलेले होते. ते आम्ही काढले नाहीत. ओढताना स्टिकरसोबत चकाकता थरही निघतो.

यांच्यासाठी माझ्या लिनक्स लॅपटॉपवर जीएनयू डीडीरेस्क्यू. त्याची रीत मला फार पटते. आधी जेवढं सहज वाचता येतं तेवढं सगळं उचलतो, अवघड जागी अडून बसत नाही. सोडलेल्या जागांची नोंद नकाशा-फाइलमध्ये ठेवतो, आणि मग फक्त त्या जागांवर पुन्हा पुन्हा येतो. काम मध्येच थांबवून उद्या सुरू करता येतं. खरा फायदा असा, की तीच डिस्क दुसऱ्या ड्राइव्हमध्ये घालून तोच नकाशा दिला, तर पहिल्या ड्राइव्हला न जमलेले तुकडे दुसरा भरतो. २००४ ची एक सीडी आम्ही अशी दोन ड्राइव्हच्या मदतीनं पूर्ण वाचली, जी दोघांपैकी एकट्याला जमत नव्हती. मात्र हे फक्त डेटा डिस्कसाठी. ऑडिओ सीडीला डीडीरेस्क्यूचा उपयोग नाही.

एका फोटोंच्या सीडीवर वीसच फोटो दिसत होते, पण खालची बाजू पाहिली तर जवळजवळ पूर्ण जळालेली. त्या काळी लोक एकाच सीडीवर थोडं थोडं करून राइट करत. नवं सत्र लिहिताना आधीचं जोडून घ्यायचं राहिलं, की आधीचं दिसेनासं होतं. जात नाही, दिसत नाही. आयसोबस्टरमध्ये डिस्कची सगळी सत्रं वेगवेगळी दिसतात. आधीच्या तीन सत्रांतून आतेभावाचं बारसंच बाहेर आलं. “हे फोटो स्टुडिओवाल्यानं हरवले म्हणून मी त्याच्याशी भांडले होते रे,” आत्या म्हणाली.

डीव्हीडी आणि कायदा

लग्नाच्या डीव्हीडीवर कॉपी रोखणारं कुलूप नव्हतं. डीडीरेस्क्यूनं आयएसओ करून ठेवली. बाजारातल्या सिनेमांच्या डीव्हीडींवर मात्र बहुधा सीएसएस नावाचं कूटबंधन असतं, आणि इथं सॉफ्टवेअर निवडण्याआधी कायदा पाहणं भाग आहे. भारतीय कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ नुसार खासगी किंवा वैयक्तिक वापरासाठी केलेला उचित वापर हा भंग ठरत नाही. २०१२ च्या दुरुस्तीनं आलेल्या कलम ६५अ प्रमाणे तांत्रिक कुलूप तोडणं हा गुन्हा आहे, दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड. पण कायद्याचे शब्द ‘हक्कभंग करण्याच्या हेतूनं’ तोडणं असे आहेत. आमचं मत असं पडलं, की आत्यानं स्वतः विकत घेतलेल्या डिस्कची तिच्याच घरात, तिच्याच ऐकण्या-पाहण्यासाठीची प्रत या चौकटीत बसते. नातेवाइकांना वाटलेली, व्हॉट्सअ‍ॅपवर टाकलेली किंवा यूट्यूबवर चढवलेली बसत नाही. न्यू जर्सीच्या आतेबहिणीनं लगेच गुगल ड्राइव्हची लिंक मागितली, तिला नाही म्हटलं. अमेरिकेत १९९८ च्या कायद्यानुसार स्वतःच्या डीव्हीडीचं कुलूप काढायलाही अशी सरळ मोकळीक नाही, तेव्हा तिथल्या वाचकांनी इथला निर्णय उचलून तिथं लावू नये.

सॉफ्टवेअर मेकएमकेव्ही. डीव्हीडीसाठी फुकट आहे, आणि चित्र नव्यानं आवळत नाही. जसंच्या तसं, सगळ्या आवाजपट्ट्या आणि उपशीर्षकांसह एमकेव्ही फाइलमध्ये घालतं. मेनू तेवढा जातो. हँडब्रेक अनेक जण सुचवतात, पण ते लहान फाइल करण्यासाठीचं साधन आहे, जपणूक करण्यासाठीचं नाही. ज्या डीव्हीडी बाजारात किंवा ओटीटीवर आजही सहज मिळतात त्यांच्या वाटेला आम्ही गेलोच नाही. चाळीसातल्या पंधरा-सोळाच उतरवल्या.

राहता राहिली ती ‘सगळ्या डिस्कसाठी एकच’ म्हणवणारी विकाऊ सॉफ्टवेअरं. शोधल्यावर ‘सर्वोत्तम दहा’च्या याद्या येतात, आणि त्यातल्या पुष्कळशा याद्या पहिल्या क्रमांकाच्या सॉफ्टवेअरवाल्यानंच लिहिलेल्या असतात. दोन चाचणी-आवृत्त्या लावून पाहिल्या. मुद्दाम एक ओरखडलेली व्हीसीडी दिली. एक अडकून पडलं, दुसऱ्यानं अर्धी फाइल बनवून ‘यशस्वी’ म्हटलं. पुढं पाहायची गरज उरली नाही.

कुठं ठेवलं

सगळं मिळून चारशे जीबीच्या आत आलं. एक टीबीच्या दोन हार्डडिस्क घेतल्या, सारख्याच भरल्या. एक सांगलीत माडीवर, दुसरी आतेभावाकडे पुण्यात. दोन्ही सांगलीत ठेवल्या असत्या तर पुराचा धडा कशाला घेतला? प्रत्येक फोल्डरमध्ये सर्व फायलींचे शा-२५६ अंक, म्हणजे फाइल जराही बदलली तर बदलणारे पडताळ्याचे अंक, एका मजकूर-फाइलमध्ये आहेत. दिवाळीला दोन्ही डिस्क एकत्र आल्या की आतेभाऊ ते अंक पुन्हा काढून जुळवतो. एखादी फाइल सडली असेल तर दुसरीवरून घेतो.

मूळ डिस्क टाकल्या नाहीत. त्या आत्याच्या मालकीचा पुरावा आहेत, आणि नऊ डिस्क अशा आहेत ज्यांचा काही भाग कुठल्याच ड्राइव्हनं वाचला नाही. त्यांच्या अर्धवट प्रती, डीडीरेस्क्यूचे नकाशे आणि ईएसीच्या नोंदी एकत्र ठेवल्या आहेत. कधी जास्त चिवट ड्राइव्ह हाती लागला, तर डेटा डिस्कवरचे राहिलेले सेक्टर तेवढेच वाचून त्याच नकाशात भरता येतील; ऑडिओ सीडींचे डागाळलेले ट्रॅक मात्र पूर्ण नव्यानं उतरवावे लागतील.